कवटी काढ त्या नाटकातून

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज रात्री दुकान बंद करताना वाचला. २६ जूनला, अमली पदार्थविरोधी दिनी, सांगलीच्या विश्रामबाग चौकात नशेविरुद्ध पथनाट्य, ते बसवायची जबाबदारी तुझी, आणि ज्याला ढोलकीवर घेतलंस तोच जिममध्ये इंजेक्शन टोचून घेतो. आता त्याला काढू, सरांना सांगू की गप्प बसू? त्याच्याकडे येतोच. आधी तू पाठवलेली स्क्रिप्ट बघू, कारण गोची तिथूनच सुरू होते.

काळे कपडे, कवटीचा मुखवटा, पहिल्याच झुरक्यात कोसळणारा पोरगा आणि शेवटी तिरडी. लेका, हे लिहिलंस कुणासाठी? पुढचे प्राध्यापक माना डोलावतील. मागे उभं राहून खिदळणाऱ्यांपैकी एखाद्यानं कालच गांजा ओढलेला असेल, आणि तो तर धडधाकट उभा आहे! त्याच्या लेखी तू थापाड्या ठरलास. मग उद्या एमडीबद्दल, म्हणजे त्या मेफेड्रोन नावाच्या नशेच्या पावडरीबद्दल, अगदी खरं सांगितलंस तरी तो कान देणार नाही. म्हणून सांगतो, घाबरवू नकोस.

हे काही माझ्या डोक्यातलं खूळ नाही. अमेरिकेत १९८३ साली लॉस एंजेलिसपासून पोलिसांनी वर्गावर्गात जाऊन मुलांना धडे द्यायला सुरुवात केली. 'डेअर' म्हणून तो कार्यक्रम देशभर गाजला, टी-शर्ट निघाले. पुढं तपासणी झाली तेव्हा धडे घेतलेल्या आणि न घेतलेल्या मुलांत फरक जवळजवळ दिसेना. आपल्याकडं अजून बॅनर, शपथ, फोटो, वडापाव. झाली जनजागृती.

आणि भीतीच घालायची तर बातम्या काय कमी आहेत? फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी कुपवाडमध्ये एमडीचा मोठा साठा पकडला. २०२५ च्या जानेवारीत विट्याजवळ एमडी बनवणारा कारखानाच सापडला. महिनाभर चहाच्या गाड्यावर दुसरा विषय नव्हता. घेणारा एक तरी त्या भीतीनं उपचाराला गेला का? माझ्या माहितीत तरी नाही.

आता तुझा ढोलकीवाला. तो जे टोचून घेतो ते बहुतेक मेफेंटरमिन असणार. भूल दिल्यावर पेशंटचं बीपी घसरलं तर डॉक्टर ते वापरतात. ती ऑपरेशनच्या टेबलावरची वस्तू, बेंचप्रेसवरची नव्हे. दम टिकतो, थकवा कळत नाही, म्हणून पोरं घेतात. मग छातीत धडधड, झोपेचा पत्ता नाही, आणि हळूहळू संशय बळावतो. कुस्तीचं वेड असलेला आपला मुलूख. तालमीत वस्ताद पोराच्या खुराकावर नजर ठेवायचा, जिममध्ये कोण ठेवतं?

मे महिन्यात पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून पोरगं मिरजेतल्या माझ्या काउंटरवर येतं, मोबाईलमधला चिठ्ठीचा फोटो दाखवतं. फोटोवर डॉक्टरचं नाव अर्धं कापलेलं. मी देत नाही. पण हाकलतही नाही. विचारतो, "झोप लागते का रे?" बहुतेक जण शिवी हासडून जातात. एखादा घुटमळतो. त्या एखाद्यासाठी मी दुकानात बाकडं ठेवलंय. गिऱ्हाईक पलीकडच्या दुकानात गेलं, आमच्या व्यवसायातले लोक मला हेकट म्हणाले, मुलगा अजून म्हणतो, "बाबा, तुमच्यामुळं आपलं दुकान एका गाळ्याचंच राहिलं." राहू दे. मी हेकट आहेच. पण त्या बाकड्यावर बसलेली दोन पोरं आज स्वतःची पोरं शाळेत सोडायला याच रस्त्यानं जातात, ते कुणी मोजत नाही.

एक सल मात्र आहे. माझ्या एका मित्राला पोराच्या दप्तरात पुडी सापडली. त्यानं पोराला पट्ट्यानं मारलं, कोंडून घातलं. मी सांगत होतो, अरे मारू नको, आधी विचार तरी. आमचं बोलणं तुटलं ते तुटलंच. पोरगं घरातून गेलं. कुठं आहे, ठाऊक नाही.

म्हणून तुला म्हणतो, त्याला नाटकातून काढू नकोस. ग्रुपवर कुजबुज नको, सरांकडं चुगली नको. कृष्णाकाठी घेऊन जा आणि झोपेपासून सुरुवात कर. उपदेश सुरू झाला की समजायचं, संपलं. तो हो म्हणाला तर सिव्हिलच्या मानसोपचार विभागात सोबत जा. साताऱ्यात दाभोलकरांनी उभं केलेलं 'परिवर्तन' हे व्यसनमुक्ती केंद्र आहे, पुण्यात १९८६ पासून तसंच 'मुक्तांगण' आहे, आणि व्यसनमुक्तीच्या १४४४६ या नंबरवर फोन फुकट लागतो. पोलिसांची धास्ती असेल तर त्याला सांग, तुझं इंजेक्शन त्या कायद्यात येवो न येवो, गांजा-एमडीवाल्यांसाठीसुद्धा १९८५ च्या अमली पदार्थांच्या (एनडीपीएस) कायद्यात कलम ६४अ आहे. सेवन करणारा स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचार घेऊन ते पुरे करत असेल तर त्याला खटल्यातून सूट मिळू शकते. हे तुमच्या एकाही फलकावर का नसतं, सांग बरं? कवटी मात्र हटकून असते.

विकणाऱ्याची गोष्ट वेगळी. त्याच्याबद्दल माझ्याकडं दयामाया नाही. जिममध्ये बाटल्या पुरवणारा कोण ते कळलं तर सरळ पोलिसांना कळव, नाहीतर अमली पदार्थांच्या तक्रारीसाठीच्या १९३३ या फोन नंबरवर. नाव सांगावं लागत नाही. पण घेणारा आणि विकणारा एकाच पारड्यात टाकू नकोस, आणि नाटकातही तेच कर. मरणारा हिरो काढ. त्याच्या जागी मित्राला "झोप लागते का?" विचारणारा एक साधा पोरगा आण. टाळ्या कमी पडतील, पडू देत.

सर ऐकणार नाहीत, कवटीशिवाय नाटक कसलं म्हणतील. त्यांना माझ्याकडं पाठव. नवी स्क्रिप्ट झाली की दुपारी दोन ते चारमध्ये ये, तेव्हा गर्दी नसते. ढोलकीवाल्याला यायचं असेल तर आण, पण मला आधी काही सांगितलंस हे त्याला कळू देऊ नकोस.

तुझा,
मेडिकलवाले काका