पेटी इतक्यात देऊ नका

प्रिय मावशी,

आई जाऊन दहा महिने झाले. चिपळूणला आमच्या घरी तिने तीसेक वर्षं गाण्याचे क्लास घेतले, गंधर्व महाविद्यालयाच्या परीक्षांना मुली बसवल्या, आळीतलं महिला भजनी मंडळ चालवलं. माझ्या मुलीला मांडीवर घेऊन पेटीवर सा लावायला तिनेच शिकवलं. २०२१ च्या पुरात पाणी शिरायला लागलं तेव्हा तिने आधी पेटी आणि कॅसेटींचा खोका माळ्यावर चढवायला लावला, डाळ-तांदूळ नंतर. आता वर्षश्राद्धाला पुण्याचा दादा मोठा हॉल घेऊन एका नावाजलेल्या गायिकेची मैफल ठेवू म्हणतो. बाबा म्हणतात, पेटी कुणाला तरी देऊन टाका. कॅसेटी माझ्याकडे आहेत. एक लावली आणि दोन मिनिटांत बंद केली. मुलगी चौदा वर्षांची आहे, आजी गेल्यापासून ती गायलेली नाही. त्यात ट्रंकेत एक पत्र सापडलं. १९७६ साली आई आकाशवाणीच्या ऑडिशनला पास झाली होती. तेव्हा मी काही महिन्यांची होते. रेडिओवर ती कधीच गायली नाही. माझ्यामुळे तिचं गाणं राहिलं का?

– एक लेक

अगं,

पेटीपासून सुरुवात करते, कारण ती एकदा घराबाहेर पडली की परत यायची नाही. बाबांना सांग, कॅसेटींचं काम होईपर्यंत पेटी हलवायची नाही. त्यांना ती समोर बघवत नसेल तर आतल्या खोलीत ठेव, वर चादर टाक. पण घरातच राहू दे.

यामागे भावनेपेक्षा व्यवहार जास्त आहे. जुने टेपरेकॉर्डर नेमक्या वेगाने क्वचितच चालतात. आतला पट्टा सैल झाला की फीत हळू फिरते आणि सगळं गाणं खाली उतरतं. काळी चारमध्ये गायलेलं अर्धा सूर खाली, पांढरी पाचमध्ये ऐकू येतं, आवाज जाडसर होतो, ओळखीचा माणूस परका वाटतो. तू दोन मिनिटांत टेप बंद केलीस त्यात हाही भाग असू शकेल. आता आईच्या आवाजाबरोबर त्या टेपवर वाजतेय ती हीच पेटी ना? मग तिच्यावर आईची पट्टी दाबायची आणि संगणकावर टेपचा वेग त्याला मिळेपर्यंत सरकवायचा. आईचा आवाज जागेवर येईल. म्हणून तोवर पेटी सूर लावणाऱ्याकडेही नेऊ नकोस. तो रीड घासून सूर नवे लावेल आणि जुनं माप हातचं जाईल.

कॅसेटींचं म्हणशील तर कोकणातली हवा आणि पुरानंतरची ओल धरून चाल. कॅसेटच्या खिडकीतून फितीवर पांढरट ठिपके दिसले तर ती बुरशी. तसली कॅसेट बाजूला काढ आणि अजिबात लावू नकोस. तिची घाण टेपरेकॉर्डरच्या हेडला, म्हणजे फीत वाचणाऱ्या भागाला लागते आणि तिथून पुढच्या चांगल्या कॅसेटला. त्या जाणकाराकडेच द्यायच्या. बाकीच्यांच्या मागच्या कडेला दोन छोटे प्लास्टिकचे कान असतात, ते तोडून टाक, म्हणजे चुकून त्यावर दुसरं काही भरलं जाणार नाही. कॉपी आधी वेव्ह फाइलमध्ये ठेव, तिच्यात आवाज जसाच्या तसा राहतो. एमपीथ्री नंतर व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायला कर हवी तेवढी. साठ मिनिटांची कॅसेट उतरवायला साठ मिनिटं लागतात, त्याला जवळचा रस्ता नाही. पण हे उतरवणं आवाज पूर्ण बंद ठेवूनही होतं! तुला त्यातलं एक अक्षर ऐकावं लागत नाही. ऐकायचं तेव्हा ऐक, पुढच्या वर्षी नाही तर पाच वर्षांनी. न ऐकणाऱ्या मुलीचं आईवर प्रेम कमी असतं, असं कुणी म्हणालं तर माझ्याकडे पाठव.

प्रत्येक कॅसेटवर कोण गातंय, कुठला राग, साधारण कुठलं वर्ष, एवढं मात्र लिहून घे. तुला कळणार नाही ते तिच्या विद्यार्थिनींना कळेल. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ या संशोधकांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, तेव्हा ओवीबरोबर गाणारीचं नाव आणि गावही टिपलं. म्हणून आज एखाद्या नातीला आपल्या आजीची ओवी शोधता येते. आपल्याकडे बायकांचं गाणं फार चटकन निनावी होतं.

आता ते पत्र. तू मनात गोष्ट रचून ठेवली आहेस: मुलगी झाली आणि गाणं सुटलं. असेलही तसं. ऑडिशन पास झालं की श्रेणी मिळायची, कार्यक्रम मात्र वर्षातून मोजके, आणि दर वेळी केंद्रावर जाऊन यायचं. कोकण रेल्वे पूर्ण धावायला लागली १९९८ मध्ये. १९७६ ला तान्हं मूल घेऊन चिपळूणहून एसटीने घाट चढायचा, रेकॉर्डिंग करायचं आणि परत यायचं. यात कोण नको म्हणालं, कोणाकडे पैसे नव्हते, की तिलाच तो व्याप नको होता, हे मला इथून सांगता येणार नाही आणि तुलाही ट्रंकेसमोर बसून कळणार नाही. निर्णय घेतला असेल तो घरातल्या मोठ्या माणसांनी. पाळण्यातल्या बाळाला त्यात धरू नकोस.

बाबांना विचार. दादा नसताना, संध्याकाळच्या चहाला, पत्र हातात न फडकवता. ‘पेटी देऊन टाका’ म्हणणाऱ्या माणसाला १९७६ बद्दल काही सांगायचं असू शकतं. कदाचित त्यांनीच नाही म्हटलं असेल, तेही ऐकायची तयारी ठेव. तसं निघालं तर ‘जाऊ दे, क्लास तर घेतले ना तिने’ म्हणून त्यावर पांघरूण घालू नकोस. क्लास तिने घेतले ते काही रेडिओची भरपाई म्हणून नव्हेत. आणि पत्र तिने जवळजवळ पन्नास वर्षं जपलं, एवढं तर खरंच आहे.

तरीही रेडिओला फार मोठा न्यायाधीश करू नकोस. याच आकाशवाणीवर १९४० ते १९७१ पेटीला बंदी होती, आणि त्याच वर्षांत घराघरांत आईच्या पिढीच्या मुली पेटीवरच सा शिकत होत्या.

कार्यक्रमाबद्दल माझं मत स्पष्ट आहे. नावाजलेल्या बाईंची मैफल रंगेल, पण ती त्यांची संध्याकाळ होईल. तुझी आई शिकवणारी होती. तिच्या मुलींना बोलवा. प्रारंभिकच्या पहिल्या परीक्षेला बसून पुढे सोडून दिलेली, मध्यमापर्यंत पोचलेली, विशारद झालेली, सगळ्यांना. जिला जे आठवतं ते ती गाईल, अडली तर शेजारची सांगेल. सुरुवात भजनी मंडळाने करावी. सूत्रसंचालक नको. स्मरणिका काढणारच असाल तर ‘कुटुंबासाठी कलेचा त्याग’ असलं वाक्य त्यात येऊ देऊ नकोस, निदान बाबांशी बोलणं होईपर्यंत तरी नाहीच. दादा लांब राहतो, त्याला काहीतरी भरघोस करावंसं वाटणं समजू शकते मी. मग जुन्या विद्यार्थिनी शोधायचं काम त्याच्याकडे दे, आणि हॉलच्या पैशातले काही कॅसेटींना लाव.

लेकीला त्या दिवशी गायला सांगू नकोस, आणि कुणी ‘आजीचा वारसा’ म्हणून तिला पुढे ढकललं तर तिथल्या तिथे थांबव. काम मात्र दे. टेपचा सूर पेटीशी जुळवायला पट्टी दाबणारं माणूस लागणारच आहे, आणि ती पेटी तिच्या हातातली आहे. टेपवर आजीचा आवाज येणार हे आधी सांग. नको म्हणाली तर तू दाब, तुलाही ऐकवत नसेल तर आईच्या एखाद्या विद्यार्थिनीला सांग.

पेटी शेवटी कुणाकडे, ते वर्ष झाल्यावर तुम्ही तिघं ठरवा. वाजवेल त्याला द्यावी असं मला वाटतं, मग ती घरातली असो की क्लासमधली.

आणि दादाला आजच फोन कर. हॉलची आगाऊ रक्कम भरली की तो ऐकायचा नाही.

– मावशी