निमोमध्ये 'पान_१०' हे 'पान_२'च्या आधी का दिसतं?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. लिनक्स मिंट या ऑपरेटिंग सिस्टिममधल्या निमोमध्ये, म्हणजे फाइली बघायच्या आणि हाताळायच्या प्रोग्रॅममध्ये, दर फोल्डरची मांडणी निराळी का दिसते, आणि स्कॅन केलेली पानं ओळीने का लागत नाहीत.

पहिलं सोपं आहे. लिस्ट व्ह्यूमध्ये एखाद्या कॉलमच्या मथळ्यावर क्लिक केलं की निमो तो क्रम त्या फोल्डरपुरता लक्षात ठेवतो. एडिट मेनूतल्या प्रेफरन्सेसमध्ये जाऊन व्ह्यूजखाली क्रम नावानुसार ठेवा आणि 'सॉर्ट फोल्डर्स बिफोर फाइल्स'वर टिक करा. 'इग्नोअर पर-फोल्डर व्ह्यू प्रेफरन्सेस' निवडलंत तर सगळे फोल्डर सारखे दिसतील. मी ते निवडत नाही, कारण डाउनलोड्स मला तारखेनेच लावलेलं लागतं.

दुसऱ्याचं मूळ सेटिंगमध्ये नाही, नावांमध्ये आहे. मी इंदुरात, रामबागेत, एका वाचनालयातल्या मराठी नियतकालिकांचे जुने अंक स्कॅन करतो, त्यामुळे हे रोज डोळ्यांसमोर असतं. फाइलींची नावं 1, 2, 10 अशी असली तर निमो त्या आकड्यांना संख्या मानतो आणि 10 शेवटी ठेवतो. १, २, १० असं देवनागरीत लिहिलं की तो एकेक अक्षर ताडून बघतो. '१' हे '२'च्या आधी, म्हणून १० वर सरकतं. मराठीत नावं देणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत असायला हवं, आणि त्यासाठी मराठी सोडायची मुळीच गरज नाही. पुढे शून्यं द्या: पान_००१, पान_००२, पान_०१०. फक्त एकाच फोल्डरमध्ये दोन्ही लिप्यांचे आकडे मिसळू नका. नियतकालिकाच्या अंकांच्या फोल्डरला नाव देताना वर्ष आधी, मग महिना: १९६२-०८. असं केलं की नावाचा क्रम हाच काळाचा क्रम होतो.

नावं आधीच देऊन झाली असतील तर मिंटमध्ये अनेक फाइलींची नावं एकदम बदलणारं 'बल्की' असतं. एक आकडी पानं तेवढी निवडा, एफ-टू दाबा आणि 'पान_'च्या जागी 'पान_००' घाला. मग दोन आकडी निवडून 'पान_०'. आधी फोल्डरची एक प्रत मात्र काढून ठेवाच.

आणि एखाद्या प्रोग्रॅममधून फाइल उघडताना येणारी खिडकी निमोची नसते. तिथेही फोल्डर वर हवे असतील तर बहुतेक वेळा यादीवर राइट-क्लिक करून 'सॉर्ट फोल्डर्स बिफोर फाइल्स' हाच पर्याय पुन्हा निवडावा लागतो.