गणपतीत लांबून एकत्र आरती करायचीय? मग हे वाचा

व्हिडिओ कॉलवर सगळ्यांनी एकदम गायच्या भानगडीत पडू नका, आवाज पोचायला उशीर होतो आणि साधारण ३० मिलिसेकंदांच्या वर गेलं की ताल सुटायला लागतो, पुणे-न्यू जर्सी तर त्याच्या कितीतरी पुढे. त्यापेक्षा पेटीवाल्याने आधी मेट्रोनोम (ठरलेल्या लयीत टिकटिक करणारं यंत्र किंवा अ‍ॅप) लावून एक ट्रॅक करायचा, पट्टी आजीला झेपेल तीच घ्या, बाकीचे जुळवून घेतील. मग तो ट्रॅक दुसऱ्या फोनवर हेडफोनमध्ये ऐकत प्रत्येकाने आपापला आवाज रेकॉर्ड करायचा, सुरुवातीच्या ठोक्यावर एक टाळी वाजवायची, म्हणजे ऑडॅसिटीत (आवाज एडिट करायचं सॉफ्टवेअर) सगळ्यांचे आवाज जुळवणं सोपं जातं. फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणूनच पाठवा हं, व्हॉइस नोटमध्ये आवाज दाबला जातो. झांजा मात्र एकाच घरातून, आणि फोनपासून लांब!