बेव्हरिजसाहेबांच्या डोक्यातला किडा

प्रश्न असा आहे : बीबीसीच्या १९९५ सालच्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस' मालिकेत (जेन ऑस्टिनच्या कादंबरीवरची) नायक-नायिका डार्सी आणि एलिझाबेथ ज्या धुनेवर नाचतात तिचं नाव 'मिस्टर बेव्हरिजेस मॅगट'. मॅगट म्हणजे तर अळी. मग धुनेला असलं नाव का? ती कानात अळीसारखी घुसून बसते म्हणून?

नाही. डोक्यातून न जाणाऱ्या गाण्याला इंग्रजीत 'इअरवर्म' म्हणतात खरं, पण तो जर्मन 'ओरवुर्म'वरून बेतलेला बराच अलीकडचा शब्द. मॅगटची गोष्ट निराळी आहे, आणि ती मराठी माणसाला चटकन कळेल, कारण आपणही 'डोक्यात किडा वळवळतोय' म्हणतोच की! विक्षिप्त माणसाच्या मेंदूत अळ्या असतात अशी इंग्लंडात समजूत होती. त्यावरून सतराव्या शतकात मॅगट म्हणजे लहर, खूळ, अचानक सुचलेली चमत्कारिक कल्पना असा अर्थ रुळला. मेथडिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या संस्थापक जॉन वेस्लीचे वडील सॅम्युअल यांनी १६८५ साली आपल्या कवितासंग्रहाचं नावच 'मॅगट्स' ठेवलं. त्यात डुकराच्या गुरगुरण्यावरही कविता आहे. तेव्हा कसले किडे अभिप्रेत होते, ते वेगळं सांगायला नको.

धुनेचं नाव त्याच काळातलं. लंडनचा प्रकाशक जॉन प्लेफर्ड याने १६५१ मध्ये 'द इंग्लिश डान्सिंग मास्टर' काढलं, त्यात १०५ नाच होते : वर एका ओळीत चाल, खाली पावलांच्या सूचना. दोन समोरासमोरच्या रांगांच्या नाचांवर 'ज्यांना यायचं तितक्यांसाठी' अशा अर्थाची टीप असे. मला ती फार आवडते. पुस्तक पुढे मुलगा हेन्री काढू लागला. १६९५ च्या नवव्या आवृत्तीत बेव्हरिजसाहेबांचा मॅगट आला, शेजारी 'मिस्टर आयझॅक्स मॅगट'ही. म्हणजे अमक्याचं मॅगट हे नाव ठेवायची तेव्हा रीतच होती. मूळ कादंबरी १८१३ ची. धून तिच्याहून ११८ वर्षांनी जुनी!

ऐकताना मोजून बघा : एकेका आवर्तनात तीन लांब, ठाय मात्रा. आपल्या कानाला सवयीच्या वाल्ट्झसारखी ती गिरकी घेत नाही, भारदस्तपणे पुढे सरकते. अशा तीन मात्रांच्या घाटाला तेव्हा हॉर्नपाइप म्हणत. खलाश्यांचा म्हणून पुढे गाजलेला हॉर्नपाइप दोनाच्या चालीचा, तो वेगळा.

आता भाषांतर. 'अळी' नकोच. 'भुंगा'ही चालणार नाही, डोक्याला लागलेला भुंगा काळजीचा असतो. 'लहर' बरा, पण त्यातली वळवळ गेली. 'किडा' शब्दशः जुळतो, फक्त 'त्याला भारी किडे आहेत' म्हटलं की खोडसाळपणा डोकावतो. माझं मत 'खूळ'ला : 'बेव्हरिजसाहेबांचं खूळ'. त्यात माया आहे, आणि आयझॅकसाहेबांच्या धुनेलाही तेच नाव शोभतं.