घर एक, डिग्र्या तीन विद्यापीठांच्या

प्रश्न : आमचं गाव देगलूर, जि. नांदेड. परवा माळ्यावरची पेटी उघडली तर आजोबांचं १९४६ चं बीएचं सर्टिफिकेट सापडलं, उस्मानिया विद्यापीठाचं. वडलांचं १९८४ चं मराठवाडा विद्यापीठाचं आहे आणि माझ्या पोरीला यंदा स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठाचं मिळालं. आम्ही तर गाव कधीच सोडलं नाही, मग विद्यापीठ का बदलत गेलं? आणि वडलांच्या सर्टिफिकेटला वाळवी लागलीय, डुप्लिकेट नांदेडलाच मिळेल का?

उत्तर : तुम्ही गाव सोडलं नाही हे खरं, पण गावावरचं राज्य बदलत गेलं ना. आजोबा शिकले तेव्हा देगलूर निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. उस्मानिया १९१८ मध्ये सुरू झालं आणि तिथं शिकवायची भाषा उर्दू, म्हणजे घरात मराठी बोलणाऱ्या पोरानं इतिहास काय न् गणित काय, सगळं उर्दूतून शिकायचं. आपल्या भागात कॉलेजं बोटावर मोजण्याइतकी, त्यामुळे बीए व्हायचं तर बहुतेकांना हैदराबादच गाठावं लागायचं. कितीतरी हुशार पोरं घरची परिस्थिती नाही म्हणून मॅट्रिकवरच थांबली, पोरींचं तर विचारूच नका. म्हणून ते सर्टिफिकेट जपा, लॅमिनेशन मात्र करू नका, जुना कागद त्यात खराब होतो.

१७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान मुक्त झालं, १९५० मध्ये बाबासाहेबांनी औरंगाबादला मिलिंद कॉलेज काढलं, त्याच वर्षी नांदेडला पीपल्स कॉलेज निघालं, पण ही कॉलेजं तेव्हा उस्मानियालाच जोडलेली. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि मग आपलं विद्यापीठ पाहिजे या मागणीला जोर आला, न्यायमूर्ती पळणीटकरांची समिती बसली. २३ ऑगस्ट १९५८ ला औरंगाबादला पंडित नेहरूंच्या हस्ते उद्घाटन झालं, पहिले कुलगुरू डोंगरकेरी. वडलांची डिग्री या विद्यापीठाची.

आता नावाचं. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव विधिमंडळात २७ जुलै १९७८ ला झाला आणि त्यानंतर मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरं जाळली, माणसं मारली. तुमच्याच जिल्ह्यात पोचीराम कांबळेंचा जीव गेला. १६ वर्षं लढा चालला तेव्हा कुठं १४ जानेवारी १९९४ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ असं नाव झालं. मी दरवर्षी त्या दिवशी विद्यापीठ गेटवर जातो. खेड्यापाड्यातून आलेल्या म्हाताऱ्या बाया गेटच्या खांबाला हात लावतात आणि तोच हात कपाळाला लावतात, त्यातल्या कित्येक जणी शाळेची पायरीसुद्धा चढलेल्या नसतात, पण नातवाला कडेवर घेऊन गेट दाखवत असतात. ज्यांना हा नुसता पाटीचा वाद वाटतो त्यांनी एकदा तिथं तासभर उभं राहून बघावं.

त्याच १९९४ मध्ये १७ सप्टेंबरला, मुक्तिदिनी, नांदेडला वेगळं विद्यापीठ झालं, मुक्तिसंग्रामाच्या नेत्याचं, स्वामी रामानंद तीर्थांचंच नाव दिलं. नांदेड, परभणी, लातूर आणि नंतर झालेला हिंगोली असे जिल्हे तिकडं गेले. वडलांच्या काळात मार्कमेमोत, म्हणजे गुणपत्रिकेत, एक चूक निघाली तरी देगलूरहून एसटीनं नांदेड आणि तिथून मीटरगेजच्या गाडीनं औरंगाबाद, रात्र स्टेशनवर काढायची आणि सकाळी खिडकीपुढं लाइनीत लागायचं. तुमची पोरगी आता विष्णुपुरीला सकाळच्या एसटीनं जाऊन संध्याकाळी जेवायला घरी येते.

डुप्लिकेट मात्र नांदेडला नाही मिळणार, १९८४ चं रेकॉर्ड छत्रपती संभाजीनगरला, परीक्षा विभागात विचारा. जाताना परीक्षा क्रमांक, पास झाल्याचं वर्ष, कॉलेजचं नाव आणि मार्कमेमोची झेरॉक्स असू द्या. आणि पेटीत कडुलिंबाचा पाला टाका, आजोबांच्या कागदाला तरी वाळवी लागायला नको.