चिलगोजा लावताय? आधी हे वाचा भाऊ

भाऊ, जळगावात शेताच्या बांधावर चिलगोजा (ज्याच्या बिया खातात ते पाइनचं झाड) लावायचा विचार चांगला आहे पण जरा थांबा. हे झाड हिमाचलातल्या किन्नौरचं, १८०० मीटरच्या वरचं, तिथं हिवाळ्यात बर्फ पडतो आणि पावसाळा जेमतेम पोचतो, अन् आपल्याकडे मे महिन्यात ४५ डिग्री, वरून काळी माती, पावसात मूळ कुजणार म्हणजे कुजणारच.

हौस असेलच तर कुंडीत करा. दुकानातले भाजलेले चिलगोजे कितीही पेरा, उगवणार नाहीत, कच्चं अन् ताजं बी पाहिजे, त्यात तेल भरपूर असतं म्हणून जुनं झालं की लवकर मरतं. ओलसर वाळूत मिसळून महिना-दीड महिना फ्रिजमध्ये ठेवा (घरच्यांना सांगून, नाहीतर फेकून देतील), मग रेताड मिश्रणात पेरा, पाणी बेतानंच. उन्हाळ्यात दुपारची सावली पाहिजेच.

आणि उत्पन्नाचा हिशोब मांडू नका, झाड फार हळू वाढतं, शंकूसारखं फळ (कोन) धरलं तरी ते पिकायला पुढचं वर्ष उजाडतं. लाकूड कडक अन् राळेचं असतं, पण तिकडचे लोक सहसा तोडत नाहीत, बियांचे पैसेच जास्त येतात ना.

बिया खायच्या आणि विकायच्याच असतील तर मी म्हणेन चारोळी लावा, आपल्या सातपुड्याचंच झाड आहे, हे ऊन त्याला नवं नाही. रोपं वनखात्याच्या नर्सरीत विचारून बघा, जूनच्या आधीच.