ब्रिटिश आणि अमेरिकन रॉक संगीतकारांपैकी कोणाचा कोणावर जास्त प्रभाव पडला?

असा हिशेब लागणं कठीण आहे, कारण एकच चीज दोन-तीनदा समुद्र ओलांडून गेलेली दिसते. मी गिटार वाजवतो, म्हणून एका गिटारचीच गोष्ट सांगतो.

सुरुवात अमेरिकेतून झाली, हे खरं. १९६१ मध्ये इंग्लंडमधल्या डार्टफर्ड स्टेशनवर कीथ रिचर्ड्सला मिक जॅगर भेटला, तेव्हा मिकच्या काखेत चक बेरी आणि मडी वॉटर्स या अमेरिकन गायकांच्या रेकॉर्ड होत्या, थेट शिकागोहून मागवलेल्या. पुढे आपल्या बँडचं 'रोलिंग स्टोन्स' हे नावही त्यांनी मडी वॉटर्सच्याच गाण्यावरून घेतलं.

आता गिटार. फेब्रुवारी १९६४ मध्ये बीटल्स न्यूयॉर्कला गेले, तेव्हा जॉर्ज हॅरिसनच्या हातात बारा तारांची इलेक्ट्रिक रिकनबॅकर आली. कंपनी कॅलिफोर्नियाची. बारा तारा म्हणजे सहा जोड्या. त्यातल्या खर्जाकडच्या चार जोड्यांत एक तार जाड आणि दुसरी बारीक, वरच्या सप्तकातली. इतर बारातारी गिटारवर हात वरून खाली आला की आधी बारीक तार लागते, रिकनबॅकरवर आधी जाड. त्यामुळे सूर भरीव राहतो आणि मागून किणकिण येते.

'अ हार्ड डेज नाइट' हा बीटल्सचा सिनेमा त्याच वर्षी आला. लोकगीतं वाजवणाऱ्या अमेरिकन रॉजर मॅग्विनने पडद्यावर ती गिटार पाहिली आणि स्वतःही तशीच घेतली. त्याच्या 'द बर्ड्स' या बँडच्या १९६५ च्या पहिल्या अल्बममध्ये 'द बेल्स ऑफ रम्नी' आहे. रम्नी हे वेल्समधलं कोळसा खाणींचं गाव. कविता इड्रिस डेव्हिसची, जो स्वतः खाणीत राबला होता. चाल लावली अमेरिकेच्या पीट सीगरने. वेल्सच्या खाणकामगारांचं दुःख कॅलिफोर्नियात, ब्रिटिश सिनेमात पाहिलेल्या अमेरिकन गिटारवर वाजलं!

गोष्ट इथे संपत नाही. हॅरिसनने ते ऐकलं आणि 'इफ आय नीडेड समवन' केलं, डिसेंबर १९६५ च्या 'रबर सोल'मध्ये. गिटारच्या दांडीवरच्या सातव्या पट्टीवर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा, लावायचा, डी कॉर्डचा आकार धरायचा आणि वरच्या तारांवर बोटं हलवत राहायची. दोन्ही गाणी हेडफोन लावून लागोपाठ ऐका, नातं लगेच कानात भरेल. आणि हॅरिसनने ते लपवलं नाही. हे गाणं तुमच्याच सुरावटीवरून केलं, असा निरोप त्याने बर्ड्सना आवर्जून धाडला. मला तो माणूस त्यासाठी फार आवडतो.

सगळेच इतके सरळ वागले नाहीत. लेड झेपेलिन या ब्रिटिश बँडच्या १९६९ च्या 'होल लॉटा लव्ह'मधले शब्द अमेरिकन गीतकार विली डिक्सनच्या, मडी वॉटर्सने गायलेल्या गाण्यातून आले. डिक्सनला १९८५ मध्ये कोर्टात जावं लागलं, त्यानंतर तडजोड झाली आणि त्याचं नाव लागलं. हे मला आजही खटकतं.

म्हणून मे १९६५ चा एक प्रसंग पुन्हा पुन्हा आठवतो. अमेरिकेतल्या 'शिंडिग' या टीव्ही कार्यक्रमाला रोलिंग स्टोन्सना बोलावलं होतं. हाउलिन वुल्फलाही घ्या, असा त्यांनी आग्रह धरला. चोपन्न वर्षांचा तो ब्लूजगायक आपल्याच देशाच्या पडद्यावर उभा राहून गायला, आणि इंग्लंडहून आलेली ती पोरं त्याच्या पायाशी बसून ऐकत होती.